जुन्या पिकअपचा झिजलेला स्टिअरिंग कॉलम : तपासणी आणि बदल

भाजीपाला, फळे, फुले, दूध असा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोहोचला तरच त्याला भाव मिळतो. त्यामुळे अनेक बागायतदारांच्या दारात ट्रॅक्टरच्या जोडीला एखादी पिकअप गाडी उभी असते. यांपैकी पुष्कळ गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. इंजिन, टायर आणि बॅटरी यांकडे मालकाचे लक्ष असते, कारण त्यांत बिघाड झाला की गाडी जागेवर उभी राहते. स्टिअरिंगचे तसे नाही. ते हळूहळू झिजते, चालकाच्या हाताला त्या ढिलाईची सवय होते आणि गाडी चालतच राहते. म्हणूनच ही झीज इंजिनाच्या बिघाडापेक्षा अधिक धोक्याची आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. स्टिअरिंगमधील ढिलाई भरून काढण्यात चालकाचा अर्धा सेकंद गेला, तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. पहाटेच्या अंधारात टोमॅटोचे क्रेट भरून कसारा किंवा माळशेज घाट उतरणाऱ्या गाडीला वळणावर एवढे अंतर मोकळे मिळतेच असे नाही. प्रस्तुत लेखात स्टिअरिंगची ढिलाई कशी मोजावी, दोष नेमका कोणत्या भागात आहे हे कसे ओळखावे आणि कॉलमच झिजला असल्यास तो कसा बदलावा याची माहिती दिली आहे. प्रत्यक्ष काम शेतकऱ्याने स्वतः केले किंवा मिस्त्रीकडून करून घेतले, तरी त्यातील टप्पे माहीत असावेत. म्हणजे काम नीट झाले की नाही हे पारखता येते.

स्टिअरिंगची रचना

चालकाच्या हातातील चक्रापासून पुढच्या चाकांपर्यंत स्टिअरिंगचे भाग एका साखळीसारखे जोडलेले असतात. चक्राच्या मधोमध एक पोलादी दांडा असतो. हा दांडा एका लोखंडी नळीत, वर आणि खाली बसविलेल्या बुश किंवा बेअरिंगच्या आधाराने फिरतो. नळी, दांडा, बुश, इग्निशनचे कुलूप आणि इंडिकेटरचा स्विच या सर्वांच्या जोडणीला स्टिअरिंग कॉलम म्हणतात. कॉलम डॅशबोर्डच्या खाली ब्रॅकेटने पक्का केलेला असतो.

कॉलमच्या खालच्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट असतो. मिस्त्री त्याला क्रॉस म्हणतात. काही गाड्यांत त्या जागी रबर व कापडाची चकती असलेली कपलिंग असते. तेथून पुढे स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि शेवटी किंग पिन किंवा बॉल जॉइंटवर फिरणारी चाके अशी रचना असते. काही पिकअपमध्ये बॉक्सऐवजी रॅक आणि पिनियन असते, परंतु कॉलमची रचना साधारण सारखीच असते.

विलिस घडणीवर आधारलेल्या जुन्या जीपमध्ये मात्र एक फरक आहे. तेथे चक्राचा दांडा आणि बॉक्समधील मळसूत्री कॅम हा एकच भाग असतो. अशा गाडीत कॉलम वेगळा काढता येत नाही. दांडा झिजला तर बॉक्ससह संपूर्ण जोडणी उतरवून उघडावी लागते. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे बोनेट उघडून, बॉक्सच्या तोंडाशी जोड आहे किंवा नाही हे पाहून आधीच ठरवावे.

कॉलम कशामुळे झिजतो

१. गाडीत चढता-उतरताना चक्राला धरून अंगाचा भार देणे. शेतीच्या गाडीत दिवसातून अनेक वेळा चढ-उतार होते. प्रत्येक वेळी वरच्या बुशवर आडवा दाब येतो व त्याचे गोल भोक लांबट होते.

२. गाडी जागेवर उभी असताना, विशेषतः माल भरलेला असताना, जोर लावून चाके वळविणे.

३. पाणंद रस्त्यावरील धूळ. ती खालच्या रबरी सीलमधून आत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून कानशीसारखे काम करते.

४. गाडी धुताना केबिनच्या आत पाण्याचा मारा करणे. यामुळे खालचे बेअरिंग गंजते.

५. टायरमधील हवा कमी असणे व क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे. यामुळे स्टिअरिंग जड होते आणि चालक चक्रावर अधिक जोर देतो.

ढिलाई किती आहे हे मोजा

हाताच्या अंदाजावर विसंबू नये. ढिलाई मोजण्यास एक बारीक तार, चिकटपट्टी आणि शिंप्याची टेप पुरेशी आहे.

गाडी सपाट जागी उभी करून पुढची चाके सरळ ठेवावीत. पॉवर स्टिअरिंग असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन व हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवावे. साधे स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असावे. डॅशबोर्डवर तार अशी चिकटवावी की तिचे टोक चक्राच्या कडेजवळ येईल. एका माणसाने पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्याने चक्र हळूहळू डावीकडे फिरवावे आणि चाक हलू लागताच थांबून तारेसमोर चक्रावर खूण करावी. नंतर उजवीकडे फिरवून तशीच दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधील चक्राच्या कडेवरचे अंतर म्हणजे ढिलाई होय.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे चक्रावरील ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे १२५.६ सेंटिमीटर येतो. ३० अंश म्हणजे परिघाचा बारावा भाग, म्हणजेच सुमारे १०.५ सेंटिमीटर. याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात असेही सांगितले आहे.

परंतु ३० अंश ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. तेवढी ढिलाई चालते असा तिचा अर्थ घेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा सहसा याहून पुष्कळ कमी असते. ४० सेंटिमीटरच्या चक्रावर ३ सेंटिमीटर ढिलाई आली, म्हणजे सुमारे साडेआठ अंश, तरी कारण शोधण्यास सुरुवात करावी.

दोष नेमका कोठे आहे

स्टिअरिंग ढिले झाले म्हणजे कॉलमच गेला असे समजून तो बदलण्याची घाई करू नये. अनेक वेळा टाय रॉडचे टोक किंवा बॉक्सची पकड गेलेली असते. तेथे नवा कॉलम बसविला तर खर्च होतो आणि ढिलाई तशीच राहते.

तपासणीचे तत्त्व सोपे आहे. एकाने चक्र ढिलाईच्या मर्यादेत डावीकडे-उजवीकडे हलवीत राहावे. दुसऱ्याने वरून खाली एकेक जोड हाताने चाचपावा. ज्या जोडाच्या एका बाजूला हालचाल पोहोचते पण दुसऱ्या बाजूला लगेच पोहोचत नाही, तो जोड झिजलेला आहे. ही तपासणी चाके जमिनीवर असतानाच करावी, म्हणजे साखळीवर भार राहतो आणि झीज उघड होते.

त्यानंतर पुढचा भाग जॅकने उचलून घोडीवर ठेवावा. चाक वर आणि खाली धरून हलविले असता खडखड जाणवली तर चाकाचे बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट पाहावेत. चाक डाव्या व उजव्या बाजूने धरून हलविले असता ढिलाई जाणवली तर टाय रॉडची टोके पाहावीत.

तक्ता : लक्षणे, कारणे व उपाय

| लक्षण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| चक्र वर-खाली किंवा आडवे हलते, नळी मात्र स्थिर राहते | वरचा बुश किंवा बेअरिंग झिजले | बुश बदलणे. दांडा झिजला असल्यास कॉलम बदलणे |
| चक्र नळीसह हलते | ब्रॅकेटचे बोल्ट सैल किंवा ब्रॅकेटला तडा | बोल्ट आवळणे. तडा असल्यास ब्रॅकेट बदलणे |
| चक्र आपल्याकडे ओढले असता पुढे-मागे सरकते | सर्क्लिप निसटली, बेअरिंगची बैठक झिजली | कॉलम उतरवून तपासणे |
| चक्र फिरते, क्रॉसची खालची बाजू उशिरा फिरते | क्रॉस किंवा रबर कपलिंग झिजले | तो भाग बदलणे |
| क्रॉसच्या जोडात दांडा किंचित फिरतो | बोल्ट सैल किंवा खाचा झिजल्या | गाडी चालविणे थांबवून त्वरित दुरुस्ती |
| बॉक्समध्ये दांडा फिरतो, ड्रॉप आर्म उशिरा हलतो | बॉक्सची अंतर्गत झीज | बॉक्सची जुळणी किंवा दुरुस्ती |
| चक्र काही जागी जड व काही जागी हलके लागते | दांडा वाकला, क्रॉस गंजला किंवा चुकीचा जोडला | कॉलम व क्रॉस तपासणे |

बॉक्सच्या वर असलेला जुळणीचा स्क्रू आवळून ढिलाई घालविण्याची पद्धत सर्रास आढळते. हा स्क्रू केवळ बॉक्समधील झिजेसाठी आहे. दुसऱ्या जोडाची ढिलाई झाकण्यासाठी तो आवळला तर चक्र मध्यभागी अडकते, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि बॉक्सचे दातेही लवकर खराब होतात.

बुश बदलावा की संपूर्ण कॉलम

फक्त वरचा किंवा खालचा बुश झिजला असेल आणि तो सुटा मिळत असेल, तर बुश बदलणे पुरेसे आहे. हे काम कमी खर्चात होते. मात्र पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास संपूर्ण कॉलम बदलणेच योग्य ठरते.

• दांड्यावर बुशच्या जागी नखाला जाणवेल अशी खाच पडली आहे. अशा दांड्यावर नवा बुश फार दिवस टिकत नाही.

• दांड्याच्या टोकाच्या खाचा, ज्यांना स्प्लाईन म्हणतात, त्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत.

• अपघातात किंवा दणक्याने दांडा अथवा नळी वाकली आहे.

• दांड्यावर किंवा नळीवर पूर्वीच्या वेल्डिंगच्या खुणा आहेत.

• इग्निशनचे कुलूप कॉलमच्या बैठकीत सैल झाले असून ते पक्के बसत नाही.

वेल्डिंगबाबत विशेष सांगावेसे वाटते. तुटलेला दांडा वेल्डिंग करून दिला जातो आणि वरून कानस मारली की जोड दिसतही नाही. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो आणि पिळाचा ताण वारंवार आला की जोडाच्या कडेने तडा जातो. नांगराचा फाळ किंवा ट्रॉलीचा हूक मोडला तर काम थांबते. स्टिअरिंगचा दांडा चालत्या गाडीत मोडला तर चक्र हातात नुसते फिरत राहते. म्हणून स्टिअरिंगच्या कोणत्याही भागाला वेल्डिंग करू नये आणि केलेले असल्यास ती गाडी रस्त्यावर आणू नये.

नवा कॉलम निवडताना

शक्यतो गाडीच्या कंपनीचा सुटा भाग घ्यावा. खरेदीस जाताना गाडीचा चासी क्रमांक, मॉडेल व उत्पादनाचे वर्ष लिहून न्यावे. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या वर्षी कॉलमची लांबी, खाचांची संख्या आणि स्विचची बैठक बदललेली असते. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीचा कॉलम साध्या गाडीला बसेलच असे नाही.

जुन्या बाजारातील कॉलम घ्यावयाचा असल्यास तो सुटा हातात घेऊन तपासावा. दांडा दोन बोटांनी फिरविला असता सर्व बाजूंनी सारखा हलका फिरला पाहिजे. सपाट लादीवर ठेवून नळी सरळ आहे का पाहावे. रंग नवा दिसत असेल तर तो खरवडून आत वेल्डिंग नाही याची खात्री करावी. अपघातात सापडलेल्या गाडीचा कॉलम घेऊ नये. काही कॉलम अपघाताच्या वेळी दबून आखूड व्हावेत अशा रीतीने बनविलेले असतात. त्यातील प्लॅस्टिकच्या बारीक पिना एकदा तुटल्या की दांड्याचे दोन भाग एकमेकांत सरकू लागतात. असा कॉलम कितीही स्वस्त मिळाला तरी निरुपयोगी आहे.

साधने व पूर्वतयारी

रिंग पाने व गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, स्टिअरिंगचा पुलर, सर्क्लिपची पक्कड, सेंटर पंच, स्क्रू ड्रायव्हर, गंज सोडविणारे तेल, ग्रीस, चिकटपट्टी व थोडा पांढरा रंग जवळ ठेवावा. टॉर्क पाना गावात नसल्यास तालुक्याच्या गॅरेजमधून आणावा, परंतु त्याशिवाय शेवटची आवळणी करू नये. आवळणीचे आकडे प्रत्येक गाडीत वेगळे असतात. ते त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यावेत.

गाडी सपाट व पक्क्या जमिनीवर रिकामी उभी करावी. मागच्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून तिच्या टोकाला कापड गुंडाळावे. हा लेख एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. चक्रात एअरबॅग असेल तर हे काम घरी अजिबात करू नये, कारण ती चुकून उघडल्यास गंभीर इजा होते.

जुना कॉलम काढणे

१. पुढची चाके अगदी सरळ ठेवावीत. चक्राच्या सर्वांत वरच्या बिंदूवर चिकटपट्टीची खूण करावी. काम संपेपर्यंत चाके किंवा बॉक्सचा दांडा फिरवू नये.

२. हॉर्नचे झाकण काढून तार, स्प्रिंग व वॉशर कोणत्या क्रमाने आहेत हे पाहून ठेवावे. मोबाईलवर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतल्यास जोडताना उपयोग होतो.

३. चक्राचा नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तो चार-पाच आट्यांवर राहू द्यावा. दांड्यावर आणि चक्राच्या मधल्या भागावर सेंटर पंचने समोरासमोर हलकी खूण करावी. नंतर पुलर लावून चक्र सोडवावे. नट आट्यांवर असल्यामुळे चक्र एकदम सुटून तोंडावर येत नाही. चक्र मागून गुडघ्याने ढकलणे किंवा दांड्यावर हातोडा मारणे टाळावे. हातोड्याच्या घावाने आटे, बेअरिंग आणि दबणाऱ्या कॉलममधील पिना खराब होतात.

४. प्लॅस्टिकचे कव्हर, इंडिकेटरचा स्विच व इग्निशनची तारजोडणी काढावी. प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून क्रमांक द्यावा.

५. खालच्या जोडावर, क्रॉस आणि बॉक्सचा दांडा या दोहोंवरून जाणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. जोडाचा बोल्ट पूर्ण काढावा. हा बोल्ट सहसा दांड्यावरील खाचेत अडकलेला असतो, त्यामुळे नुसता सैल करून दांडा निघत नाही. जोड गंजलेला असल्यास तेल सोडून अर्धा तास थांबावे आणि जोडाची फट स्क्रू ड्रायव्हरने अलगद उघडावी.

६. केबिनच्या पुढच्या पत्र्याजवळील सीलची पट्टी काढावी. मग एका माणसाने कॉलम हाताने उचलून धरावा व दुसऱ्याने डॅशबोर्डखालील ब्रॅकेटचे बोल्ट काढावेत. ब्रॅकेटमागे पातळ पत्र्या असतील तर त्यांची जागा व संख्या लिहून ठेवावी. कॉलम केबिनच्या बाजूला ओढून बाहेर काढावा.

नवा कॉलम बसविणे

१. जुना व नवा कॉलम शेजारी ठेवून लांबी, खाचांची संख्या, आट्यांचे माप, ब्रॅकेटची भोके व स्विचची बैठक जुळवून पाहावी. एकही माप जुळत नसेल तर भोक मोठे करून किंवा दांडा कापून तो बसविण्याचा प्रयत्न करू नये.

२. क्रॉस हाताने सर्व बाजूंना हलवून पाहावा. तो अडखळत असेल किंवा त्याला ढिलाई असेल तर याच वेळी बदलावा. रबरी सील नवेच घ्यावे. बुशला पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस पातळ लावावे.

३. कॉलम पत्र्यातून पुढे घालून खालचा जोड हाताने बसवावा. पांढऱ्या रेघेची जागा जुळवावी. दांडा पूर्ण आत गेला पाहिजे आणि त्यावरील खाच बोल्टच्या भोकासमोर आली पाहिजे. ही या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. दांडा अर्धवट आत असतानाही जोड आवळला जातो आणि स्टिअरिंग काही दिवस चालते, पण बोल्ट खाचेत नसल्यामुळे दणक्याने दांडा निसटू शकतो. बोल्ट हाताने सरकत आत गेला तर जागा बरोबर आहे. तो ठोकावा लागत असेल तर दांडा नीट बसलेला नाही.

४. मधल्या दांड्याला दोन्ही टोकांना क्रॉस असतील तर पुस्तिकेत अन्यथा सांगितलेले नसल्यास त्या दांड्याच्या दोन टोकांचे काटे एकाच रेषेत असावेत. ते आडवे-उभे जोडले गेल्यास चक्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा जड व दोनदा हलके लागते.

५. ब्रॅकेटचे बोल्ट प्रथम हातानेच लावावेत. चक्र तात्पुरते बसवून थोडेसे डावीकडे-उजवीकडे फिरवावे व कॉलम कोठे अडखळत नाही हे पाहावे. नंतर खालचा जोड आणि त्यानंतर ब्रॅकेट टॉर्क पान्याने आवळावेत. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा.

६. स्वतःच पक्के बसणारे लॉक नट व स्प्लिट पिना पुन्हा वापरू नयेत. बोल्ट मूळ दर्जाचेच असावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. त्या जागी हार्डवेअरच्या दुकानातील साधा बोल्ट लावू नये.

७. सेंटर पंचच्या खुणा जुळवून चक्र बसवावे. नवा दांडा असल्याने त्यावर खूण नसेल तर चाके सरळ असताना चिकटपट्टीची खूण वर येईल असे चक्र बसवावे. नट टॉर्क पान्याने आवळावा, स्विच व तारा क्रमांकाप्रमाणे जोडाव्यात आणि शेवटी बॅटरी जोडावी.

८. आवळलेल्या प्रत्येक नटावरून शेजारच्या भागावर जाणारी रंगाची बारीक रेघ ओढावी. पुढे नट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

चाचणी

पुढची चाके घोडीवर उचलून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे व फेरे मोजावेत. समजा एकूण चार फेरे झाले, तर एका टोकापासून दोन फेरे मागे आल्यावर चाके सरळ दिसली पाहिजेत. चाके सरळ असून चक्र तिरपे दिसत असेल तर जोड एखाद्या खाचेने पुढे-मागे बसला आहे असे समजावे. टाय रॉड कमी-जास्त करून चक्र सरळ करू नये. त्यामुळे चाकांचा टो-इन बिघडतो आणि टायर एका बाजूने झिजतात.

इंडिकेटर वळणानंतर बंद होतो का, हॉर्न दोन्ही बाजूंना वळविले असतानाही वाजतो का, एखादी तार दांड्याला घासत नाही ना, हे पाहावे. इग्निशनचे कुलूप किल्ली काढल्यावर अडकले पाहिजे आणि किल्ली चालू स्थितीत असताना चक्र दोन्ही टोकांपर्यंत कोठेही न अडकता फिरले पाहिजे. यात थोडीही शंका असेल तर गाडी हलवू नये.

त्यानंतर रिकामी गाडी खळ्यावर किंवा मोकळ्या आवारात पायी चालण्याच्या वेगाने फिरवावी. वळणानंतर चक्र आपोआप सरळ येण्याकडे कल दाखवते का पाहावे. ढिलाई पुन्हा तारेने मोजावी. सर्व ठीक असल्यास मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने चालवावी. पहिल्याच दिवशी भरलेली गाडी घाटात नेऊ नये. पहिल्या दिवसाच्या शेवटी आणि आठवड्यानंतर रंगाच्या रेघा तपासाव्यात.

नियमित देखभाल

• गाडीत चढताना चक्राऐवजी दाराच्या खांबावरील हँडलला धरावे. हँडल नसल्यास बसवून घ्यावे.

• चाके वळविताना गाडी थोडी तरी चालती ठेवावी.

• आठवड्यातून एकदा टायरमधील हवा तपासावी आणि मालाचे वजन गाडीच्या नोंदणीतील मर्यादेत ठेवावे.

• ग्रीसचे निपल असलेल्या सर्व जोडांना पुस्तिकेप्रमाणे ग्रीस द्यावे. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते अधिक वेळा द्यावे लागते.

• फाटलेल्या रबरी टोप्या लगेच बदलाव्यात.

• दर तीन महिन्यांनी ढिलाई मोजून आकडा तारखेसह वहीत लिहावा. हा आकडा वाढत गेला तर दोष वेळीच लक्षात येतो.

• चालत्या गाडीत, उतारावर इंधन वाचविण्यासाठी, किल्ली बंद करू नये. कुलूप अडकल्यास स्टिअरिंग जागीच अडकते.

तीन महिन्यांनी ढिलाई मोजण्याची सवय ट्रॅक्टरलाही तितकीच लागू आहे. ऊस, कांदा किंवा कडब्याची भरलेली ट्रॉली मागे असताना ढिल्या स्टिअरिंगचा धोका कमी नसतो.

मिस्त्रीकडे काम देताना

शेतकरी बंधूंनी मिस्त्रीकडून काम करून घेताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली, काढलेला जुना कॉलम परत मागावा व झीज स्वतः पाहावी. दुसरी, खालच्या जोडाचा बोल्ट खाचेत बसलेला आपल्यासमोर दाखविण्यास सांगावे. तिसरी, आवळणी टॉर्क पान्याने करून घ्यावी. चांगला मिस्त्री याला नकार देत नाही.

हंगामाच्या तोंडावर गाडी दोन दिवस उभी ठेवणे जिवावर येते, कारण तोडणीला आलेला माल थांबत नाही. म्हणून स्टिअरिंगची तपासणी हंगाम सुरू होण्यापूर्वी, गाडीला काम कमी असताना करावी. तरीही ऐन हंगामात चक्र नळीत वर-खाली हलताना किंवा खालचा जोड सरकताना आढळला, तर त्या दिवसाचा माल भाड्याच्या गाडीने पाठवावा. भाड्याचा खर्च त्या एका खेपेपुरता असतो. घाटात दांडा निसटला तर होणारे नुकसान भरून काढता येत नाही.